खोळंबा नेमका कशाचा? सुट्या भागांचे गणित

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक निर्वात पंप होता. ध्वनीला प्रवासासाठी माध्यम लागते हे दाखवताना तो लागे. काचेच्या हंडीतील हवा काढत नेली की आतल्या घंटेचा आवाज मंद होत जाई आणि मुले कान टवकारून बसत. एका वर्षी ऐन त्याच आठवड्यात पंपाचा रबरी पट्टा तुटला. पट्टा बदलणे हे दहा मिनिटांचे काम. पण नवा पट्टा यायला सात आठवडे लागले. जुन्या पट्ट्यावरचा क्रमांक घासून गेला होता. अंदाजाने आणलेला पहिला पट्टा आखूड निघाला. दुसऱ्यासाठी पुन्हा मंजुरी घ्यावी लागली. तोवर ध्वनीचे प्रकरण संपून वर्ग प्रकाशाकडे वळला होता. त्या वर्षीच्या मुलांनी तो प्रयोग पाहिला नाही, फक्त वाचला.

घरात रॉकेलचा स्टोव्ह असण्याच्या काळात असा प्रसंग सहसा येत नसे. स्टोव्हची पिन आणि पंपाचा वॉशर या दोन वस्तू फळीवरच्या डबीत हमखास असत. बर्नर तुंबल्यावर पिन आणायला दुकानात धावायचे तर रात्रीचे जेवण राहिले, हे घर चालवणाऱ्या बाईला अनुभवाने ठाऊक होते. कोणता भाग घरात ठेवायचा, किती ठेवायचे आणि कोणता ठेवायचा नाही, हा निर्णय तिने कागदावर आकडेमोड न करता घेतलेला असे.

कारखान्यात हाच निर्णय हजारो भागांबाबत घ्यावा लागतो आणि तो चुकला तर माणसांचा रोजगार बुडतो. या निर्णयामागे एक सुंदर गणित आहे. ते शाळेतल्या संभाव्यतेच्या पाठापासून फार दूर नाही. या लेखात आपण ते पाहू.

मारुंजीच्या आसपास

मारुंजी हे पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील, हिंजवडीला लागून असलेले गाव. त्याच्या पूर्वेला पिंपरी-चिंचवड आणि भोसरीचा औद्योगिक पट्टा आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि हा परिसर वाहने व यंत्रे बनवणारे मोठे केंद्र म्हणून वाढत गेला. पुढे जागेच्या शोधात उद्योग खेड तालुक्यातील चाकणकडे सरकले. हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाचे संकुल आले. मारुंजीची शेते अशा रीतीने दोन प्रकारच्या उद्योगांच्या मध्ये सापडली.

मोटार किंवा मोटारसायकल बनवणारा मोठा कारखाना सगळे भाग स्वतः तयार करत नाही. दांडे, चकत्या, बुशिंग, कंस अशा अनेक वस्तू लहान वर्कशॉपमध्ये बनतात आणि ठरलेल्या वेळी मोठ्या कारखान्याच्या दारात पोचवाव्या लागतात. मोठे कारखाने हल्ली आपल्याकडे फार साठा ठेवत नाहीत; रोजच्या गरजेपुरता माल रोज मागवतात. त्यामुळे लहान वर्कशॉपमधले एक यंत्र दोन दिवस बंद पडले तर त्याचा धक्का थेट पुढच्या साखळीला बसतो. ठेका हातचा जाण्याची भीती असते. नगावर मजुरी मिळणाऱ्या कामगाराचे यंत्र बंद म्हणजे त्याची कमाईही बंद.

आता मारुंजीसारख्या गावात एक वर्कशॉप आहे अशी कल्पना करू. पत्र्याची शेड, संगणक-नियंत्रित लेथसह बारा यंत्रे, दोन पाळ्या, वर्षाला सुमारे ३०० दिवस काम. म्हणजे प्रत्येक यंत्राला वर्षात ४,८०० तास काम करण्याची संधी आहे. हे वर्कशॉप आणि पुढचे त्याचे आकडे उदाहरणासाठी मानलेले आहेत; गणित मात्र खरे आहे.

बंद यंत्राचे २६ तास

समजा, लेथच्या मुख्य दांड्याजवळचे बेअरिंग आवाज करू लागले आणि यंत्र थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू होईपर्यंत कामाचे २६ तास गेले. या २६ तासांचा हिशेब मांडू.

बिघाड कळून फिटर येईपर्यंत अर्धा तास.
दोष शोधायला दोन तास.
नवा भाग मिळेपर्यंत वीस तास.
भाग बदलायला दोन तास.
जुळणी आणि चाचणीला दीड तास.

पाहता क्षणीच लक्षात येते की प्रत्यक्ष दुरुस्तीला दोनच तास लागले. मालक मात्र बहुधा फिटरवर चिडतो. त्याच्या जागी दुप्पट वेगाने हात चालवणारा कारागीर आणला तरी एक तास वाचेल. २६ चे २५ होतील. भाग कपाटात असता तर वीस तास वाचले असते. खोळंबा दुरुस्तीचा नव्हता, वाट पाहण्याचा होता.

अभियंते यासाठी 'उपलब्धता' ही राशी वापरतात. दोन बिघाडांमधला सरासरी कामाचा काळ घ्यायचा आणि त्याला 'तो काळ अधिक दुरुस्तीचा सरासरी काळ' या बेरजेने भागायचे. समजा, आपले यंत्र सरासरी ४०० तासांनी बिघडते. दुरुस्तीला २६ तास लागत असतील तर उपलब्धता ४०० भागिले ४२६, म्हणजे सुमारे ९३.९ टक्के. भाग हाताशी असेल तर ४०० भागिले ४०६, म्हणजे सुमारे ९८.५ टक्के. फरक साडेचार टक्क्यांचा आहे, पण ४,८०० तासांवर तो सुमारे २२० तासांचा होतो. एका यंत्रामागे जवळजवळ चौदा दिवस! यंत्र तेच, माणसे तीच, बिघाडही तितकेच.

मग सगळेच भाग का ठेवू नयेत?

एका लेथमध्येच शेकडो भाग असतात. प्रत्येकाचा एकेक नग ठेवायचा म्हटले तर दुसरा लेथ विकत घेण्याइतका पैसा कपाटात अडकेल. लहान मालकाचा पैसा बहुतेक वेळा बँकेकडून व्याजाने घेतलेला असतो. कपाटातील भाग काही कमवत नाही, व्याज मात्र रोज वाढते. शिवाय ठेवलेली वस्तू जशीच्या तशी राहत नाही. रबराचे पट्टे आणि ऑइल सील काही वर्षांनी कडक होऊन तडकतात. बेअरिंगमधले ग्रीस घट्ट होते. पावसाळी हवेत उघडा लोखंडी भाग गंजतो. आणि यंत्राचे नवे मॉडेल आले की जुन्यासाठी जपून ठेवलेले भाग भंगारात जातात.

म्हणून निवड करावी लागते. आपल्याकडील उद्योगांत रूढ असलेली एक पद्धत भागांचे तीन गट पाडते. पहिला गट प्राणभूत भागांचा. हे नसले तर यंत्र ठप्प. दुसरा आवश्यक भागांचा. हे नसले तर यंत्र रडतखडत चालते. तिसरा सोयीच्या भागांचा. हे नसले तरी काही दिवस निभावते. लेथच्या मोटारीला वीज पुरवणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड पहिल्या गटात येते, शीतक द्रवाच्या पंपाचा गाळणा दुसऱ्या आणि यंत्रावरचा दिवा तिसऱ्या.

एवढ्यावर भागत नाही. भाग प्राणभूत आहे का, याच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारावा लागतो : तो मिळायला किती वेळ लागतो? इथे प्रमाणीकरणाचे महत्त्व कळते. एखाद्या बेअरिंगवर ६२०५ हा क्रमांक कोरलेला असतो. त्यातले शेवटचे दोन आकडे घेऊन पाचने गुणा. पाच पंचे पंचवीस. आतल्या भोकाचा व्यास २५ मिलिमीटर. ६२०६ असेल तर ३० मिलिमीटर. (शेवटचे आकडे ०४ किंवा त्याहून मोठे असतील तेव्हा हा नियम चालतो.) ६२०५ ची बाहेरची कड ५२ मिलिमीटर व्यासाची आणि रुंदी १५ मिलिमीटर असते. बनवणारा कारखाना चिंचवडचा असो, जपानचा असो की स्वीडनचा, ही मापे तीच. त्यामुळे भोसरी किंवा चिंचवडचा दुकानदार ते बेअरिंग बिनधास्त भरून ठेवतो. ते कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडणारच. अशा भागासाठी दुकान हेच आपले कपाट. त्याउलट एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमध्ये बसणारे कार्ड कोणताही दुकानदार ठेवत नाही. ते परदेशातून यायला तीन महिने लागू शकतात. भाग प्राणभूत आहे आणि मिळायला वेळ लागतो, अशा दोन्ही कसोट्यांवर उतरणारी यादी सहसा फार मोठी नसते. कपाटातील पहिला हक्क तिचा.

सरासरी फसवते

यादी ठरली. आता प्रत्येकाचे किती नग ठेवायचे?

आपल्या बारा यंत्रांत एक समान सेन्सर आहे असे समजू. जुन्या नोंदींवरून बारा यंत्रांत मिळून वर्षाला सरासरी चार सेन्सर निकामी होतात. मागवल्यावर नवा यायला तीन महिने लागतात. तीन महिन्यांत सरासरी एक सेन्सर लागतो. मग एक ठेवला की झाले! साधा त्रैराशिकाचा हिशेब असे सांगतो. पण बिघाड त्रैराशिक शिकलेले नसतात. एखाद्या तिमाहीत एकही सेन्सर जात नाही आणि एखाद्या तिमाहीत तीन जातात.

अशा विरळ आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या घटनांचे गणित फ्रेंच गणिती पॉयसाँ याने १८३७ साली मांडले. ते जगासमोर ठसठशीतपणे आणले बोर्टकिएविच या संशोधकाने १८९८ साली, एका विलक्षण उदाहरणाने. प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ लागून सैनिक मरण पावत. त्याने दहा सैन्यदलांच्या वीस वर्षांच्या, म्हणजे एकूण २०० दलवर्षांच्या नोंदी घेतल्या. मृत्यू १२२ होते, म्हणजे दर दलवर्षाला सरासरी ०.६१. प्रत्यक्षात १०९ दलवर्षांत एकही मृत्यू नव्हता, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एका दलवर्षात चार होते. पॉयसाँच्या सूत्राने येणारे आकडे अनुक्रमे १०८.७, ६६.३, २०.२, ४.१ आणि ०.६ असे आहेत. कोणता घोडा केव्हा लाथ मारील हे कोणीच सांगू शकत नाही. पण असंख्य घोड्यांच्या लाथा मिळून एका नियमाने वागतात. बिघडणाऱ्या सेन्सरचेही तसेच आहे.

वर्गात करून पाहा

हा नियम फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना अनुभवू द्यावा. दोन फासे एकदम टाकल्यावर दोन्हींवर सहा पडण्याची शक्यता ३६ मध्ये १ असते. वर्गातील प्रत्येक मुलाला एक यंत्र माना. ३६ मुलांनी एकेकदा दोन फासे टाकले की एक तिमाही झाली. ज्याला सहा-सहा पडले त्याचे यंत्र बिघडले. (मुले कमी असतील तर काहींनी दुसऱ्यांदा टाकून ३६ फेका पुऱ्या कराव्यात.) सरासरी बिघाड प्रत्येक तिमाहीला एक. अशा २५ तिमाही करा आणि फळ्यावर खुणा मांडा.

साधारणपणे नऊ तिमाहींत एकही बिघाड येणार नाही, नऊ तिमाहींत एक, पाचेक तिमाहींत दोन आणि एखाद-दुसऱ्या तिमाहीत तीन किंवा अधिक बिघाड येतील. आकडे हुबेहूब जुळणार नाहीत. दोन वर्गांचे निकाल ताडून पाहण्यातच गंमत आहे. मुलांना मग विचारावे : "तुम्ही वर्कशॉपचे मालक असता तर किती सेन्सर ठेवले असते?" 'सरासरी एक' असूनही एकावर कोणी थांबणार नाही.

आता सूत्राचे उत्तर पाहू. एक सेन्सर वापरला की लगेच नवा मागवायचा, असा नियम समजू. म्हणजे कोणत्याही दिवशी 'मागवले पण आले नाहीत' असे सेन्सर सरासरी एक असतील. आपल्याकडे जितके जादा सेन्सर आहेत त्याहून जास्त वाटेत अडकले असतील तर निदान एक यंत्र सेन्सरवाचून बंद असणार. याची शक्यता अशी येते :

एक सेन्सर ठेवला तर २६.४ टक्के.
दोन ठेवले तर ८.० टक्के.
तीन ठेवले तर १.९ टक्के.
चार ठेवले तर ०.४ टक्के.

पहिल्या जादा नगाने पुष्कळ फायदा होतो, पुढच्याने कमी, त्यापुढच्याने आणखी कमी. कुठे थांबायचे हे दोन किमतींच्या तुलनेवरून ठरते : एक सेन्सर वर्षभर सांभाळण्याचा खर्च आणि यंत्र बंद राहण्याने होणारे नुकसान. पन्नास रुपयांच्या पट्ट्याबाबत फार विचार करू नये, चार ठेवावेत. पन्नास हजारांच्या कार्डाबाबत मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

साठा वाढवावा की वाट आखूड करावी?

याच गणितातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. समजा, तोच सेन्सर पुरवणारा जवळचा व्यापारी मिळाला आणि तीन महिन्यांऐवजी नऊ दिवसांत माल येऊ लागला. नऊ दिवसांत सरासरी ०.१ सेन्सर लागतो. आता एकच जादा सेन्सर ठेवला तरी यंत्र अडण्याची शक्यता सुमारे अर्धा टक्का होते. तीन महिन्यांच्या प्रतीक्षेत तीन सेन्सर ठेवूनही ती १.९ टक्के होती. म्हणजे वाट आखूड करणे हाही साठ्याचाच एक प्रकार आहे, आणि त्याला व्याज पडत नाही.

वाट नेहमी परदेशातच लांबते असे नाही. ती कार्यालयातही लांबते. भागाचे नाव नीट लिहिलेले नसते, दरपत्रके मागवण्यात आठवडा जातो, सही करणारा गावाला गेलेला असतो. आमच्या पट्ट्याचे सात आठवडे असेच गेले होते. तो पट्टा शहरातल्या दुकानात पहिल्या दिवसापासून होता.

दहा कपाटे की एक?

आता आणखी एक पाऊल पुढे जाऊ. मारुंजी-हिंजवडीच्या परिसरात एकाच बनावटीचा लेथ असलेली दहा वर्कशॉप आहेत असे समजा. त्या लेथचे एक महागडे कार्ड प्रत्येक ठिकाणी सरासरी अडीच वर्षांतून एकदा निकामी होते. नवे यायला तीन महिने लागतात. त्या तीन महिन्यांत प्रत्येक वर्कशॉपला सरासरी ०.१ कार्ड लागते.

प्रत्येकाने एकेक जादा कार्ड ठेवले, तर दहा कार्डे झाली. तरीही कोणत्याही दिवशी दहांपैकी निदान एका ठिकाणी लेथ अडून पडलेला असण्याची शक्यता सुमारे साडेचार टक्के राहते. आता दहा जणांनी मिळून सामाईक साठा केला तर? एकूण गरज सरासरी एक. वरचा तक्ता पुन्हा पाहा : तीन कार्डांत ही शक्यता १.९ टक्क्यांवर येते. दहा वेगवेगळ्या कपाटांतील दहा कार्डांपेक्षा एका कपाटातील तीन कार्डे अधिक कामाची! कारण सरळ आहे. वेगवेगळ्या कपाटांत एकाचे कार्ड धूळ खात पडते आणि त्याच वेळी शेजारचा अडलेला असतो.

हे तत्त्व आपल्या नेहमीच्या ओळखीच्या एका संस्थेने फार पूर्वीपासून वापरले आहे. महाराष्ट्रात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आता अहिल्यानगर) मार्गावर धावली. आज राज्यभर पसरलेल्या आगारांत किरकोळ दुरुस्ती होते, मोठी कामे विभागीय कार्यशाळेत जातात आणि त्यांच्यावर मध्यवर्ती कार्यशाळा असतात. त्यांपैकी एक याच औद्योगिक पट्ट्यात, दापोडीला आहे. प्रत्येक आगाराने प्रत्येक भाग ठेवायचा नाही; नेहमी लागणारे भाग आगारात आणि क्वचित लागणारे वरच्या पातळीवर, सर्वांसाठी मिळून.

यालाच जोडून वाहनांच्या देखभालीत दुसरी युक्ती वापरतात. गिअरबॉक्स बिघडला तर गाडी उभी ठेवून त्याचे दाते बदलत बसायचे नाही. दुरुस्त करून ठेवलेला दुसरा गिअरबॉक्स बसवून गाडी रवाना करायची आणि काढलेला सवडीने उघडायचा. दुरुस्तीला लागणारा वेळ तेवढाच राहतो. पण तो गाडीच्या वाट्याला येत नाही. कोणत्या पातळीवर असे किती संच ठेवावेत, याचे पद्धतशीर गणित अमेरिकेतील क्रेग शेरब्रूक यांनी तेथील हवाई दलासाठी केले आणि ते १९६८ साली प्रसिद्ध झाले. त्याच्याही मुळाशी पॉयसाँचेच सूत्र आहे.

मग लहान वर्कशॉप असा सामाईक साठा सर्रास का करत नाहीत? अडचण गणिताची नाही, विश्वासाची आहे. पैसे कोणी किती घालायचे? कार्ड नेणाऱ्याने नवे मागवले नाही तर? दोघांना एकाच दिवशी लागले तर आधी कोणाला? शिवाय ही वर्कशॉप एकाच ठेक्यासाठी एकमेकांशी स्पर्धा करत असतात. भौगोलिक मर्यादाही आहे. सामाईक कपाट चाकणला ठेवले आणि लेथ मारुंजीला अडला, तर संध्याकाळच्या वाहतूक कोंडीत वाचलेले तास रस्त्यावरच खर्ची पडतील. म्हणून अशी व्यवस्था शेजारच्या पाच-दहा जणांत, लेखी नियमांनिशी आणि मोजक्या महाग भागांपुरतीच सुरू करणे शहाणपणाचे.

झिजणारे आणि अचानक जाणारे

इथवर आपण बिघाड अचानक येतात असे धरले. सगळेच तसे नसतात. मोटारीचे कार्बन ब्रश, पट्टे, ब्रेकची अस्तरे झिजतात. झीज मोजता येते. अशा भागांसाठी अंदाज बांधून तो भाग आधीच आणून ठेवावा आणि सुट्टीच्या दिवशी बदलावा. पिंपरी-भोसरी पट्ट्यातील अनेक लघुउद्योगांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. हुशार फिटरची खरी कामे गुरुवारीच होतात.

बेअरिंग या दोन्हींच्या मधे बसते. लुंडबर्ग आणि पामग्रेन या स्वीडिश अभियंत्यांनी १९४७ साली त्याच्या आयुष्याचा सिद्धांत मांडला. बेअरिंगचे 'आयुष्य' म्हणून जो आकडा दिला जातो, तेवढ्या काळात शंभरातील दहा बेअरिंग निकामी झालेली असतात आणि नव्वद चालू असतात. म्हणजे तो आकडा हमी नव्हे, संभाव्यता आहे. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर हे आयुष्य निम्मे न होता एक-अष्टमांश होते, कारण ते भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणून बसवला की बेअरिंग पुन्हा पुन्हा का जाते, याचे उत्तर इथे आहे. अशा वेळी बेअरिंगचा साठा वाढवणे म्हणजे गळक्या नळाखाली मोठी बादली ठेवण्यासारखे आहे.

पण प्रत्येक भाग ठराविक वयाला बदलून टाकणे हाही उपाय नव्हे. अमेरिकेत प्रवासी विमानांच्या भागांचा अभ्यास करून नौलन आणि हीप यांनी १९७८ साली एक अहवाल दिला. त्यात सुमारे ८९ टक्के भागांच्या बाबतीत, वय वाढल्यामुळे बिघाड झपाट्याने वाढू लागतो असा टप्पा आढळला नाही. चांगला चालणारा इलेक्ट्रॉनिक भाग 'जुना झाला' म्हणून काढणे हे अनेकदा नव्या बिघाडाला आमंत्रण ठरते. अशा भागांसाठी जादा नग कपाटात ठेवणे हाच मार्ग उरतो.

गणिताची एक मर्यादाही सांगायला हवी. पॉयसाँचे सूत्र घटना परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरते. वळवाच्या पावसात वीज कडाडून दाब उसळला, तर एका रात्रीत चार कार्डे जळू शकतात. तिथे साठ्यापेक्षा चांगले अर्थिंग आणि दाबरोधक उपकरण जास्त उपयोगी.

कपाटातले शास्त्र

एवढे गणित करून आणलेला भाग वेळेवर सापडलाच नाही, तर तो नसल्यासारखाच. एकाच वस्तूला पाळीगणिक वेगळे नाव असते. कोणी '६२०५' म्हणतो, कोणी 'पंचवीसचे बेअरिंग', कोणी 'मोटारीच्या मागचे'. मग कपाटात असलेले बेअरिंग पुन्हा विकत आणले जाते किंवा 'नाही' म्हणून लेथ उभा राहतो. म्हणून प्रत्येक वस्तूला एकच नाव, एकच क्रमांक आणि एकच जागा द्यावी. खणाला एक पत्रक अडकवावे : आले किती, गेले किती, कोणत्या यंत्रासाठी, कोणत्या तारखेला. याच नोंदींतून सरासरी निघते आणि सरासरीतून वरचे सगळे गणित.

लहान, स्वस्त वस्तूंसाठी दोन डब्यांची रीत पुरते. पहिला डबा रिकामा झाला की दुसरा उघडायचा आणि त्याच दिवशी पहिल्यासाठी मागणी लिहायची. पूर्वीची गृहिणी काडेपेटीचा शेवटचा पुडा फोडताना वाण्याच्या यादीत 'काडेपेटी' लिहायची, तेच हे.

आणि फिटरला विचारावे. कोणते यंत्र पावसाळ्यात कुरकुरते, कोणता भाग निकामी होण्याआधी आवाज करतो, हे त्याला संगणकाआधी कळते. पुष्कळदा ही माहिती कुठेही लिहिलेली नसते. तो नोकरी सोडून गेला की वर्कशॉपचा सर्वांत मोलाचा साठा त्याच्याबरोबर जातो.

शाळेसाठी एक काम

नववी-दहावीच्या मुलांना शाळेतील उपकरणांची यादी करायला सांगावी : पाण्याची मोटार, स्वच्छतागृहातील नळ, प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक, घंटा, पंखे. प्रत्येकापुढे चार रकाने असावेत. कोणता भाग जातो? तो गेला तर काय अडते? भाग मिळायला किती दिवस लागतात? त्याची किंमत किती? रकाने भरताना मुले वॉशरचे माप घेतील, कपॅसिटरवरचा आकडा वाचतील, दुकानात जाऊन चौकशी करतील. शेवटी त्यांनीच ठरवावे की ५०० रुपयांत शाळेच्या कपाटात कोणते भाग ठेवायचे. मुलींच्या स्वच्छतागृहातील नळाचा वॉशर या यादीत वर येतो की सभागृहातील ध्वनिक्षेपकाचा फ्यूज, यावर वर्गात वाद होऊ द्यावा. 'प्राणभूत' कशाला म्हणायचे, हा प्रश्न शेवटी यंत्राचा राहत नाही. कोणाचे अडल्यावर आपण अडले असे मानतो, याचा होतो.

निर्वात पंपाला पुढे नवा पट्टा बसला. त्या वेळी आम्ही दोन गोष्टी केल्या. पट्ट्याचा क्रमांक पंपाच्या पाटीवर रंगाने लिहिला, आणि तसाच दुसरा पट्टा खुंटीला टांगून ठेवला. नंतरच्या वर्षी घंटेचा आवाज मंद होत गेला तेव्हा सगळा वर्ग तो ऐकायला हजर होता.